अडकून पडलेल्या दिवसांतल्या मालिका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आयर्विन पुलाखालचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की सांगलीत नदीकाठची माणसं सामान माडीवर चढवतात, आणि त्या सामानात हल्ली टीव्हीचा नंबर बराच वर असतो. तिकडे साताऱ्याच्या पश्चिमेला घाटात दरड आली की एसटी बंद, शाळा बंद. कुणाचा पाय प्लास्टरमध्ये, कुणाच्या घरी आजारपण. अशा घरांतून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत सुरू केलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या मालिकांचेही आहेत. पत्रं आवरती घेतली आहेत; नावं गाळून गावं तेवढी ठेवली आहेत.

घोट्याचं हाड मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर. रोज तीनेक तास बघू शकेन. एकच लांबलचक मालिका धरावी की छोट्या छोट्या? (सातारा)

आधी हिशोब करा. ४२ दिवस गुणिले ३ तास म्हणजे १२६ तास. ‘ब्रेकिंग बॅड’चे पाचही सीझन, ६२ भाग, मिळून ४८-५० तासांचे आहेत, म्हणजे वेळ भरपूर आहे. कमी पडतं ते लक्ष. पहिल्या आठवड्यात ठणका जास्त आणि गोळ्यांची गुंगी वर. भागाच्या मध्यावर डोळा लागतो, उठल्यावर कोण कुणाचा हे कळत नाही, आणि चांगली मालिका फुकट जाते. त्या आठवड्यात अर्ध्या तासाचे भाग घ्या. ‘पंचायत’चा पहिला सीझन ८ भागांचा आहे, एखादा भाग झोपेत गेला तरी फार बिघडत नाही. दुसऱ्या आठवड्यात एका सीझनमध्ये संपणारी गोष्ट घ्या : ‘चेर्नोबिल’ (५ भाग, साधारण साडेपाच तास) किंवा ‘स्कॅम १९९२’ (१० भाग). तिसऱ्या आठवड्यापासून लांबची.

आमचं एक ठाम मत आहे : अडकलेल्या माणसाने संपलेलीच मालिका धरावी. ‘पंचायत’चा पहिला सीझन एप्रिल २०२० मध्ये आला, दुसरा मे २०२२ मध्ये, तिसरा मे २०२४ मध्ये. तुमचं प्लास्टर काही एवढं थांबणार नाही.

कुठे सोडायची हेही आधी ठरवा. आठ भागांच्या मालिकेला दोन भाग द्या. ‘ब्रेकिंग बॅड’सारखीला पहिला सीझन द्या, लेखकांच्या संपामुळे तो सातच भागांचा झाला, त्यामुळे परीक्षा लवकर आटोपते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ घेणार असाल तर पहिले सहा सीझन सावकाश बघा. शेवटचे दोन ७ आणि ६ भागांचे आहेत आणि धापा टाकत पळतात. कारण सरळ आहे : ज्या कादंबऱ्यांवर मालिका चालली होती त्या पुढे लिहूनच झाल्या नव्हत्या.

भागाच्या शेवटी टाकलेला गळ बहुतेक वेळा पुढच्या भागाच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत सुटतो. म्हणून थांबायचं तर भाग संपल्यावर थांबू नका. पुढचा सुरू करा, दहा मिनिटं बघा आणि तिथे बंद करा. झोप लागते. ‘पुढचा भाग आपोआप’ ही सोय प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका. भाग थांबला की पायाची बोटं हलवायची, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करायचे. आणि लॅपटॉप पोटावर नको, मान खाली वाकून राहते. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित वर येईल अशी खुर्ची-स्टुलाची मांडणी करा.

‘स्कॅम १९९२’ दोनदा बघितली. बँकांचा भाग आला की डोक्यावरून जातं. रेडी फॉरवर्ड काय, बँक रिसीट काय? आणि या प्रकरणात आमच्या कराडच्या बँकेचं नाव कसं? (कराड)

शेअर बाजार थोडा वेळ बाजूला ठेवा. तेव्हा बँकांना ठेवींपैकी ३८.५ टक्क्यांपर्यंत रक्कम सरकारी रोखे वगैरेंमध्ये ठेवावी लागे. एखाद्या बँकेला पंधरा दिवसांपुरता पैसा हवा असेल तर ती आपल्याकडचे रोखे दुसऱ्या बँकेला विकायची आणि त्याच वेळी ठरवायची की पंधरा दिवसांनी थोड्या जास्त भावाने परत घेऊ. हा रेडी फॉरवर्ड. नाव विक्रीचं, काम कर्जाचं. १० कोटींचे रोखे, वर्षाला १५ टक्के दर धरला तर पंधरा दिवसांचे सुमारे ६ लाख १६ हजार रुपये. परत घेताना १० कोटी ६ लाख १६ हजार मोजायचे. एवढंच.

आता रोखे काही ट्रंकेत घालून या बँकेतून त्या बँकेत न्यायचे नसत. नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात, हाताने, वहीत. तिला वेळ लागायचा. म्हणून विकणारी बँक एक पावती द्यायची : ‘अमुक रोखे तुम्हाला विकले, पैसे मिळाले, रोखे तुमच्या वतीने आमच्याकडे आहेत.’ ही बँक रिसीट, म्हणजे मालिकेतली बीआर. पावतीमागे रोखे आहेत हे गृहीत धरलेलं. कुणी जाऊन बघत नव्हतं.

तिसरा माणूस दलाल, मालिकेत तो हर्षद मेहता. दोन बँका एकमेकींशी थेट बोलत नसत, दलाल जोडून द्यायचा. चेक निघायचा बँकेच्या नावाने, पण रूढी अशी पडली की तो दलालाच्या खात्यात जमा व्हायचा. या रूढीला पावतीची जोड द्या, की घोटाळा तयार. एखादी छोटी बँक रोखे नसतानाच पावती देते, मोठी बँक त्या पावतीवर पैसे सोडते, पैसे दलालाच्या खात्यात, तिथून शेअर बाजारात. भाव चढले की शेअर विकून पैसे परत, पावती फाडून टाकली, कुणाला पत्ता नाही. भाव चढते राहिले तरच हे चालतं. २२ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स ४,४६७ वर होता आणि दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिलला, पत्रकार सुचेता दलाल यांची घोटाळा उघड करणारी बातमी आली. मालिकेच्या पुढच्या भागांतली धावपळ या एका गोष्टीमुळे आहे : पावत्या परत घ्यायला लागणारा पैसा उतरत्या बाजारात अडकला.

रोखे नसताना दिलेल्या पावत्यांसाठी ज्या दोन छोट्या बँका गाजल्या त्या बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक. बँक ऑफ कराड १९४६ साली कराडात स्थापन झालेली. हा रोखे-व्यवहार मात्र मुंबईचा. १९९२ मध्ये ती अवसायनात गेली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने ती घेतली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने एकूण घोटाळ्याचा आकडा सुमारे ४,०२५ कोटी रुपये काढला.

मालिका म्हणून ती का जमली, तर दिग्दर्शक हन्सल मेहता बँकेचे व्यवहार समजावत बसत नाहीत, टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या चेहऱ्यांकडे बघतात. तुम्हाला कळलं नाही तरी कुणीतरी कुणालातरी फसवतंय हे कळतं. खोट आमच्या मते एकच : हर्षद मेहता झालेले प्रतीक गांधी इतके गोड आहेत की बघणारा हर्षदभाईच्या बाजूने होतो, आणि बुडालेला पैसा बँकांचा, म्हणजे ठेवीदारांचा, हे विसरायला होतं. तिसऱ्यांदा बघाल तेव्हा प्रत्येक व्यवहारात चेक कुणाच्या खात्यात जातोय एवढंच बघा. बाकी आपोआप उलगडेल.

मी नर्स आहे. ‘चेर्नोबिल’मध्ये भाजलेल्या अग्निशामक जवानाच्या बायकोला त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत, नंतर बाळाने किरणोत्सर्ग शोषला म्हणून आई वाचली असं सांगतात. खरं किती? (मिरज)

तुम्हाला जे खटकलं तेच डॉक्टरांनाही खटकलं होतं. कपडे काढून, अंग धुऊन घेतल्यावर अशा रुग्णापासून जवळच्या माणसाला मोठा धोका राहत नाही. किरणांचा मार बसलेला माणूस स्वतः किरण फेकत सुटत नाही. अंगावर किंवा पोटात धूळ गेली असेल तर ती धूळ फेकते, आणि तीही पहिल्या धुण्यात बरीचशी जाते. प्लास्टिकचा पडदा लावतात तो रुग्णाला आपल्यापासून जपायला. अस्थिमज्जा मेलेली, पांढऱ्या पेशी नाहीत, साधा संसर्गही जिवावर बेततो. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात तुम्ही मास्क का लावता, तेच कारण. बाळ ढाल झालं ही कल्पना तर शास्त्रात बसत नाही. ती त्या बाईच्या दुःखाची गोष्ट आहे, आणि मालिकेने ती वैद्यकीय सत्यासारखी सांगायला नको होती.

आकडे असे : २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात झालेल्या स्फोटात २ जण गेले. तीव्र किरणोत्सर्गाचा आजार १३४ जणांना झाल्याचं निश्चित झालं, त्यांतले २८ पुढच्या काही महिन्यांत दगावले. नंतरच्या काळात सर्वांत स्पष्ट दिसलेला परिणाम म्हणजे लहान मुलांमधला थायरॉइडचा कर्करोग. गायीच्या चाऱ्यातून दुधात गेलेलं आयोडीन-१३१ हे त्यातलं मुख्य कारण. त्याचं अर्धायुष्य ८ दिवसांचं, म्हणजे दोन-तीन महिने दूध टाळलं असतं तरी मोठा फरक पडला असता. मालिका आयोडीनच्या गोळ्या दाखवते. दुधावर अजून थोडा वेळ द्यायला हवा होता.

बाकी जुळवाजुळव. उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ खरी व्यक्ती नाही, अनेक शास्त्रज्ञांची मिळून एक केली आहे. मालिकेचे नायक, शास्त्रज्ञ लेगासोव्ह १९८७ च्या खटल्यात साक्षीला नव्हते. शेवटच्या भागातलं त्यांचं भाषण मालिकेचे लेखक क्रेग मेझिन यांनी रचलेलं आहे. हेलिकॉप्टर पडलं हे खरं, पण ऑक्टोबर १९८६ मध्ये. मालिकेत ते पहिल्याच दिवसांत पाडलंय. अणुभट्टीखालच्या पाण्यात उतरलेले तिघे लगेच मेले असं लोक सांगतात, ते खोटं. मालिकेच्या शेवटच्या पाट्यांवर खरं लिहिलंय, त्या पाट्या वाचल्याशिवाय टीव्ही बंद करू नका.

एक गोष्ट मात्र अगदी नेमकी दाखवली आहे. किरणोत्सर्ग किती, असं कुणीही विचारलं की उत्तर ‘३.६ रोंटजेन’ (रोंटजेन हे तो मोजायचं एकक). हा आकडा मोजमापाचा नव्हताच. हाताशी असलेल्या यंत्राची पट्टी सेकंदाला १,००० मायक्रोरोंटजेनवर संपायची, तासाला धरलं तर ३.६ रोंटजेन. काटा टोकाला जाऊन टेकला आणि तोच आकडा मॉस्कोपर्यंत कळवला गेला. ताप १०८ वर, आणि थर्मामीटर १०० पर्यंतच. लिथुआनियातल्या इग्नालिनाच्या बंद पडलेल्या, त्याच जातीच्या अणुवीज केंद्रात चित्रीकरण केल्यामुळे भिंती, टाइल, बटणं सगळं खरं वाटतं.

सासूबाईंना संवाद ऐकू येत नाहीत, आवाज वाढवला की संगीत कानठळ्या बसवतं. नवा टीव्ही बदलून घ्यावा का? (तासगाव)

बदलू नका. ओटीटीवरच्या बऱ्याच मालिकांचा आवाज सहा स्पीकरसाठी बांधलेला असतो, त्याला ५.१ म्हणतात. संवाद त्यातल्या मधल्या स्पीकरसाठी राखलेले. तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर; सहाचं दोनात कोंबताना संवाद दबतात आणि ढोल-ताशे वर येतात.

भाग चालू असताना ऑडिओ-सबटायटलच्या खुणेवर जा. तिथे ‘हिंदी ५.१’ आणि नुसतं ‘हिंदी’ अशा दोन नोंदी असतील तर नुसती निवडा. अर्धं काम इथेच होतं. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये संवाद उठावदार करणारी सोय शोधा. क्लिअर व्हॉइस, व्हॉइस झूम, ॲम्प्लिफाय, कंपनीगणिक नाव वेगळं. ‘सिनेमा’ हा साउंड मोड काढा. बास दोन-तीन घर खाली, ट्रेबल तेवढंच वर. ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा, मोठे आवाज दाबले जातात.

एवढं करून भागलं नाही तर टीव्ही ठेवलाय कुठे ते बघा. आजच्या सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून असतात. शोकेसच्या कप्प्यात आत सरकवलेला, खाली क्रोशाचं आच्छादन, म्हणजे आवाज कापडातच जिरतो. टीव्ही कप्प्याच्या अगदी कडेला ओढा, आच्छादन काढा, पायांखाली तीन-चार इंचांचा पाट द्या. साउंडबार घ्यायचाच असेल तर ‘३.१’ असं लिहिलेला घ्या, त्यात संवादांसाठी मधला स्पीकर वेगळा असतो, आणि टीव्हीच्या ज्या एचडीएमआय भोकावर ‘एआरसी’ लिहिलंय त्यातच वायर घाला. दुसऱ्यात घातली की आवाज येत नाही आणि दुकानदाराला फोन जातो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये ओठ आधी आणि शब्द नंतर असं होतं. वायरचा हेडफोन स्वस्तही पडतो आणि नेमकाही.

‘डार्क’चा पहिला सीझन कसाबसा संपवला. कोण कुणाचा बाप ते कळेना. पुढे बघू का? (विटा)

बघा, पण वही घेऊन. काळात मागे-पुढे जाणाऱ्या या गोष्टीत कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर, टीडेमन ही चार घरं. आडव्या कागदावर चार रकाने पाडा, डावीकडे १९५३, १९८६, २०१९ ही वर्षं लिहा, ३३-३३ वर्षांच्या अंतराने. एखादं पात्र जिथे दिसेल तिथे नाव आणि एक खूण : डोळा, जखमेचा वण, गळ्यातलं पदक. दुसऱ्या सीझनमध्ये प्रत्येक वर्षात एक मिळवायचं आणि वर-खाली नवे दोन आडवे ओढायचे, त्यासाठी जागा सोडा. इंटरनेटवर तयार वंशावळी मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पहिल्या नजरेतच शेवट फुटतो.

तिन्ही सीझन (१०, ८, ८ भाग) सलग बघायचे, मध्ये दुसरी मालिका घ्यायची नाही. महिन्याची सुट्टी पडली तर पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्या सीझनच्या मध्यात दम लागतो, हे कबूल. पण शेवट घड्याळाच्या काट्यासारखा जुळतो. असं फार थोड्या मालिकांना जमलं आहे.

‘मनी हाइस्ट’चे भाग अधेमधेच तुटल्यासारखे का संपतात? (कोरेगाव)

कारण ते खरोखरच तोडलेले आहेत. २०१७ मध्ये स्पेनच्या अँटेना ३ वाहिनीवर ही मालिका सुमारे ७० मिनिटांच्या १५ भागांत लागली. नेटफ्लिक्सने त्यांचे कापून २२ भाग केले, १३ आणि ९. मूळ भागाचा मध्य हा आता शेवट झाला. चोरीची गोष्ट त्या २२ भागांत पुरी होते. पुढचे सीझन लोकांनी डोक्यावर घेतल्यावर वाढवलेले. चौथा ३ एप्रिल २०२० ला, ऐन टाळेबंदीत आला म्हणून जास्तच गाजला. आमच्या मते २२ वर थांबलात तर काही गमावत नाही.

आमच्याकडेच चित्रीकरण होतं, तरी मराठी मालिकेत एकच प्रसंग तीन-तीन दिवस का चालतो? (फलटण)

तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, असा नियम. म्हणजे अर्ध्या तासात २४ मिनिटं उरतात; त्यातून आदल्या दिवशीचं, उद्याचं आणि शीर्षकगीत काढलं की गोष्टीला वीस-बावीस. आठवड्याला सहा भाग, वर्षाला तीनशेच्या आसपास. साधारण दिवसाला एक भाग उरकायचा. तेवढ्या वेळात नवी जागा, नवी माणसं, नवा प्रसंग परवडत नाही. दिवाणखान्यात आठ माणसं उभी करून एकेकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा फिरवणं परवडतं. मोठी घटना लांबवतात ती आठवड्याच्या टीआरपीसाठी. हातात तयार भागांचा साठा, ज्याला सेटवर बँक म्हणतात, तोही फार नसतो. १९ मार्च २०२० ला चित्रीकरणं थांबली आणि थोड्याच दिवसांत वाहिन्या जुने भाग दाखवायला लागल्या. २८ मार्चला दूरदर्शनने १९८७ चं ‘रामायण’ पुन्हा आणलं.

‘लागिरं झालं जी’ आणि ‘देवमाणूस’ सातारा जिल्ह्यात झाल्या. इथे वाडा, ऊस, डोंगर, नदी सगळं तासाभराच्या अंतरात मिळतं. जागा बदलली की मालिका किती मोकळी होते ते त्यांच्या सुरुवातीच्या भागांत दिसतं. टीआरपी आला की त्याही घरात शिरतात. बघायच्याच असतील तर सोमवार आणि शनिवार बघा, मधलं सोमवारच्या सुरुवातीला कळतं. मराठीतच पण आटोपशीर हवं असेल तर ‘समांतर’ : पहिला सीझन ९ छोट्या भागांचा, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा. पहिला अर्ध्यावर सोडतो, दुसरा लगेच हाताशी ठेवा.

नव्या टीव्हीवर इंग्रजी मालिकासुद्धा घरगुती व्हिडिओसारख्या दिसतात. टीव्ही खराब आहे का? (वाई)

नाही. मालिका सेकंदाला २४ चित्रांवर घेतलेली, टीव्ही मधली चित्रं स्वतः रचून ती गुळगुळीत करतो. पिक्चर सेटिंगमध्ये सोनीला मोशनफ्लो, सॅमसंगला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीला ट्रूमोशन असं नाव असतं. ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की झालं. क्रिकेटला मात्र चालू राहू द्या.

‘पंचायत’मधली फुलेरा आणि आपली ग्रामपंचायत, कारभार सारखाच असतो का? (कवठेमहांकाळ)

दारातली खुर्ची आणि बंद पडलेला सौरदिवा सारखा. मालिकेतलं गाव उत्तर प्रदेशातलं, बलिया जिल्ह्यातलं. चित्रीकरण मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात. तिकडचा प्रधान तो आपला सरपंच, सचिव तो आपला ग्रामसेवक. पण अभिषेक त्रिपाठी २० हजारांवर कंत्राटी सचिव आहे, आपला ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर, आणि बऱ्याचदा त्याच्याकडे एकाहून जास्त गावं. म्हणून तो ऑफिसातच खाट टाकून राहील हे आपल्याकडे होणं नाही. बायको निवडून आलेली आणि कारभार नवऱ्याचा, हे मात्र आपल्यालाही नवं नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे आणि ‘सरपंचपती’ प्रत्येक तालुक्याला माहीत आहेत. नीना गुप्तांची मंजूदेवी पहिल्या सीझनच्या शेवटी राष्ट्रगीत म्हणायला शिकते तो भाग ग्रामसभेत दाखवण्यासारखा आहे. शिव्या आहेत, पण थोड्या.

पावसात लाइट दिवसदिवस जाते, रेंज जेमतेम. काय सोय करावी? (पाटण)

इन्व्हर्टर असेल तर असा हिशोब धरा. ४३ इंची एलईडी टीव्ही ७० ते १०० वॅट, फायबरचा डबा आणि राउटर मिळून १५-२०, पंखा ७०, एक दिवा १०. सगळे मिळून १९० च्या घरात. १५० एएचची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची, हाती अकराशेच्या आसपास येतात. म्हणजे सहा तासांच्या आत आटोपते. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर निम्मं धरा. पाऊस चालू असताना पंखा कशाला? तो बंद केला की साडेतीन तास जास्त मिळतात. फायबरच्या दोन्ही डब्यांना इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्या. तरी नेट गेलं तर दोष बहुधा खांबावरच्या केबलवाल्याच्या स्विचचा, त्याला बॅकअप नसतो. त्याला विचारून ठेवा.

मोबाइलवर दिवसाला दीड जीबी असेल तर साध्या दर्जात तासाला ०.७ जीबी जातं, दोन तास निघतात. एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत, म्हणजे अर्ध्या तासात खेळ खलास. रोजचा कोटा मध्यरात्री नवा होतो. साडेअकराला उरलेल्या डेटावर ‘स्टँडर्ड’ दर्जात पुढचे भाग उतरवून ठेवा. उतरवलेले भाग कायमचे नसतात. काही सात दिवसांत जातात, काही ‘प्ले’ दाबल्यापासून ४८ तासांत, म्हणून उगाच उघडून बघू नका. उतरवलेला भाग फोनवरून टीव्हीवर बिनवायरचा बहुधा जात नाही. टाइप-सी ते एचडीएमआय वायर घेण्याआधी फोन त्यातून चित्र सोडतो का ते दुकानातच लावून बघा. स्वस्तातले बरेच फोन सोडत नाहीत.

मुलं घरात, आम्ही दोघं कामावर. मोठ्यांच्या मालिका कुलुपात ठेवता येतात का? (सांगली)

येतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे पाच शिक्के आहेत, आणि १३+ पासून वर कुलुपाची सोय देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मुलांचं प्रोफाइल वेगळं करा, त्याला १३ च्या खालची मर्यादा लावा, आणि मुख्य म्हणजे तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलला पिन घाला. नुसतं मुलांचं केलं आणि तुमचं उघडं ठेवलं तर मुलं तुमच्यात शिरतात. पिनला जन्मसाल आणि गाडीचा नंबर नको, ते त्यांना पाठ असतात.